मिक्सर असताना मोठा ब्लेंडर कशाला? सांगलीतल्या स्वयंपाकघरातला वापरानंतरचा अनुभव

चौदाशे वॅटचा मोठा ब्लेंडर घरी येऊन आता बरेच महिने झाले. या काळात तो जवळजवळ रोज चालला आहे, बहुतेक दिवशी दोन-तीन वेळा. घेण्याआधी मी जे शोधत होते ते कुठे नीट वाचायला मिळालं नाही. स्मूदी आणि सूप यांबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं. भाकरी, आमटी, वाटण, कूट यांना हे यंत्र कितपत चालतं ते कोणी सांगत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीची यंत्रं निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना थोडंफार लागू आहे.

घेण्याचं कारण आधी सांगते, नाहीतर पुढची मतं एकांगी वाटतील. माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, जबड्याचं ऑपरेशन मिरजेत झालं आणि त्यांचं चावून खाणं बंद झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं की सगळं एकजीव हवं, मध्ये कण लागता कामा नये. आम्ही मिक्सरवर वाटायचो आणि गाळणीतून गाळायचो. गाळणीत ज्वारीचा कोंडा, मेथीचे धागे, मुगाची सालं उरायची. म्हणजे जे पोटात जायला हवं त्यातलं बरंचसं खरकट्यात. शिवाय इतकी खटपट करून वाटीत पडायचं ते बेचव पाणी. अण्णा दोन घोट घेऊन वाटी बाजूला ठेवायचे. एका माणसाला पोटभर जेवता यावं, एवढ्यासाठी आम्ही हे यंत्र आणलं.

निवडताना दुकानात पहिली गोष्ट कानावर येते ती वॅटची किंवा हॉर्सपॉवरची. खोक्यावरच्या या आकड्यावर जाऊ नका. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. खोक्यावर तीन हॉर्सपॉवर छापलेलं असेल तर हिशेबाने सव्वादोन हजार वॅट झाले. पण त्याच यंत्राला सहा अँपिअरची बारीक पिन असेल, तर २३० व्होल्टवर ती पिन १३८० वॅटपर्यंतच भार झेलते. मग तो तीनचा आकडा कुठला? क्षणभर मोटर जोर लावते तेव्हाचा. यंत्र उलटं करून बुडाची पट्टी वाचा. तिथे खरे वॅट असतात आणि किती वेळ चालवायचं तेही असतं. घरगुती मिक्सरच्या पट्टीवर बहुधा तीस मिनिटांचं रेटिंग असतं आणि पाच मिनिटं चालवून थोडं थांबवा अशी सूचना असते. मोठ्या ब्लेंडरची पट्टीही तशीच वाचावी. एक दुकानदार यंत्र उलटं करू देईना, तिथून आम्ही सरळ बाहेर पडलो.

नणंद अमेरिकेत असते. ती म्हणाली, इथला नावाजलेला ब्लेंडर येताना घेऊन येते. तिच्या मायेचं कौतुक, पण तिथलं यंत्र १२० व्होल्टचं. आपल्या २३० वर थेट लावलं तर मोटर जळणार. मध्ये ट्रान्सफॉर्मर टाकायचा तर तो दीड-दोन हजार वॅटचा हवा, आणि असलं धूड ओट्यावर ठेवायचं कुठे? बिघडलं तर इथे वॉरंटी विचारायची कोणाला? कुणी आणून देतो म्हटलं तर आधी व्होल्टेज विचारा.

आता यंत्र काम कसं करतं ते. मिक्सरची पाती धारदार असतात आणि भांडं लहान. ब्लेंडरची पाती हाताला बोथट लागतात. जाड पोलादी पाती जोराने आदळतात आणि पदार्थ फुटतो. खरं काम भांड्याच्या आकाराचं असतं. आमचं भांडं दोन लिटरचं, उंच आणि जवळजवळ चौकोनी आहे. पातळ पदार्थ मध्ये खाली ओढला जातो, पात्यावरून बाहेर फेकला जातो, भिंतीवरून वर चढतो आणि पुन्हा मध्ये पडतो. हा भोवरा नीट पडला की प्रत्येक कण पुन्हा पुन्हा पात्याखाली येतो. भोवऱ्याला पाणी लागतं. ते कमी पडलं की पात्याभोवती पोकळी तयार होते, आवाज एकदम चढा होतो आणि वरचा गोळा जागचा हलत नाही. सोबत येणारा दांडा झाकणाच्या भोकातून घालून गोळा खाली दाबायचा असतो. झाकण लावलेलं असताना तो पात्यापर्यंत पोचणार नाही एवढ्याच लांबीचा असतो, म्हणून दुसरा कुठलाही दांडा किंवा उलथनं आत घालू नका.

अण्णांचं दुपारचं जेवण आम्ही असं करतो. ज्वारीची अर्धी भाकरी कुस्करून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवायची. त्यावर तुरीचं शिजलेलं वरण, शिजलेल्या दुधीच्या चार फोडी, मीठ, जिऱ्याची फोडणी आणि चमचाभर तूप. आधी हळू, मग पूर्ण वेगावर साधारण मिनिटभर. सुरुवातीला घरघर ऐकू येते, मग आवाज एकसारखा होतो आणि वर गुळगुळीत खळगा दिसायला लागतो. तो दिसला की बंद. पहिल्यांदा केलं तेव्हा मी थेंब दोन बोटांत घेऊन चोळून पाहिला, गंधासारखा होता. तरी खात्रीसाठी गाळणीवर ओतलं. सगळं खाली गेलं, जाळीवर काही राहिलं नाही. त्या दिवशी अण्णा हळूहळू म्हणाले, "आज भाकरीची चव आली." सासूबाई तशाच आत गेल्या आणि दुसऱ्या वाटीची तयारी करायला लागल्या.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. किती पातळ हवं ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. गिळायला त्रास असेल तर फार पातळही श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आणि गरम पदार्थ फिरवताना भांडं निम्म्याच्या वर भरू नका, झाकणाची मधली टोपी काढून तिथे फडकं धरा आणि सगळ्यात कमी वेगापासून सुरू करा. वाफ कोंडली तर झाकण उडतं आणि उकळती आमटी अंगावर येते. याच पात्याच्या घर्षणाने गार पदार्थही तापतो. टोमॅटोचं सार पाच-सहा मिनिटं फिरवत ठेवलं तर शेगडीशिवाय वाफाळतं. सारासाठी ही सोय आहे, पण कोथिंबिरीच्या चटणीसाठी नाही. तिच्यात बर्फाचे खडे घालावे लागतात, नाहीतर हिरवी चटणी काळपट पडते.

बाकी स्वयंपाकाचं काय? इथे मला ठामपणे सांगायचं आहे: मिक्सर मोडीत काढू नका. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर काढला, तो परदेशी ब्लेंडर आपल्या वाटणापुढे टिकत नव्हता म्हणून. आता ब्लेंडरच्या मोटरला भरपूर ताकद आली आहे, पण भांडं अजून पातळ पदार्थांसाठीच घडवलेलं आहे. चौघांच्या मटणाचं वाटण, म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण, कोथिंबीर, दोन लिटरच्या भांड्यात पात्याखालीच बसून राहतं. फिरवण्यापेक्षा खरवडण्यात वेळ जातो. पाणी वाढवलं तर वाटून होतं, पण ते पाणी आटेपर्यंत तेलात परतत बसावं लागतं आणि रश्शाला तो खमंगपणा येत नाही. पाहुणे असले, वीस-पंचवीस माणसांचं वाटण असलं, तर मात्र हेच यंत्र उपयोगी पडतं. गेल्या जत्रेला एकाच घाण्यात सगळं वाटण झालं आणि रस्सा छान दाट आला.

शेंगदाण्याचं कूट यात करूच नये. तळाचं तेल सोडून लगदा होतं आणि वर अख्खे दाणे राहतात. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबवत थांबवत दोन झटके दिले की रवाळ कूट तयार. ठेचा खलबत्त्यातच. पुरणाला पुरणयंत्रच लागतं. ब्लेंडरमध्ये ते चिकट होतं. ताक रवीनेच करावं, यात नुसता फेस येतो. वर्षाची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, आधीसारखीच डंकावर जाते. ती सुकी मिरची, धणे, खोबरं घरच्या कुठल्याच यंत्राने तशी कांडून निघत नाहीत.

द्राक्षाच्या दिवसांत मात्र रोज एक घाणा असतोच. तासगावकडची तास-ए-गणेशसारखी बिनबियांची द्राक्षं थोडं मीठ आणि पुदिना घालून फिरवली की गाळायचं कामच नाही. बियांची काळी द्राक्षं यात घालू नका. इतर यंत्रांत बी अख्खी राहते, इथे ती भरडली जाते आणि रस तुरट होतो. बेदाणे आधी भिजवून घ्या, कोरडे टाकले तर पात्याखाली चिकटून बसतात. आंबिलीलाही छान. इडलीचं पीठ होतं, पण थंड पाणी घालून आणि मध्ये थांबवत, कारण पीठ तापलं तर फुगण्यावर परिणाम होतो.

भांडं चिवट पारदर्शक प्लास्टिकचं आहे, हातातून पडून फुटलं नाही. पण सांगलीच्या घरात हळद टळत नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद वरणातून प्लास्टिकवर बसते आणि साबणाने जात नाही. यावर उपाय उन्हाचा. धुतलेलं भांडं गच्चीवर उलटं ठेवलं की हळदीचा रंग उन्हात विरतो; उन्हाळ्यात एका दुपारीत बराच फिका होतो. धणे-जिरे कोरडे फिरवल्याने मात्र भांड्याच्या आतल्या बाजूला धुरकट ओरखडे येतात, ते कशानेच जात नाहीत. कोरड्यासाठी वेगळं भांडं मिळतं. रोजची सफाई सोपी आहे: कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, अर्धा मिनिट फिरवलं की झालं. लसणाचा वास तेवढा झाकणाच्या रबरात राहतो, म्हणून ते काढून वेगळं धुवावं.

विजेचं आधी बघा. आमच्या स्वयंपाकघरात जाड पिनेचा सॉकेट एकच होता, तोही फ्रिजच्या मागे. वायरमनकडून ओट्याजवळ सोळा अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र वायर टाकून घेतली. हा खर्च किमतीत धरा. घरचा पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर हे यंत्र ओढत नाही. वळवाच्या दिवसांत इथे वीज गेली की कधी कधी तास-दोन तास येत नाही, आणि अण्णांच्या जेवणाची वेळ थांबत नाही. त्यामुळे आम्ही सकाळीच दुपारचंही करून फ्रिजमध्ये ठेवतो आणि वेळेला गरम करतो. आवाज मोठा आहे, भिंतीपलीकडे ऐकू जातो. पहाटे लावायचा म्हटलं तर शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो.

दुरुस्तीचा अनुभव कटू आहे. काही महिन्यांनी भांड्याच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं, पात्याच्या बेअरिंगचं सील गेलं होतं. विकताना "सर्व्हिस सांगलीतच" असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात भांडं पुण्याला पाठवावं लागलं आणि ते परत यायला कित्येक आठवडे गेले. तेवढे दिवस आम्ही पुन्हा मिक्सर आणि गाळणीवर. अण्णांचं खाणं पुन्हा कमी झालं, आणि एका रबरी सीलसाठी हे व्हावं याचा मला फार राग आला. आजारी माणसासाठी यंत्र विकताना तरी खरं सांगायला हवं होतं. आमच्या पेठेतला मिक्सर दुरुस्त करणारा कारागीर हुशार आहे, मोटरचे कार्बन तो बदलून देतो म्हणाला, पण हे सील त्याच्याकडे मिळत नाही. तेव्हा घेताना पात्याचा संच, सील आणि खालचा कपलर सुटे मिळतात का, आणि कुठे, ते बिलावर लिहून मागा. आम्ही आता पात्याचा एक जादा संच घरात आणून ठेवला आहे.

किंमत आमच्या चांगल्या मिक्सरच्या तिपटीहून जास्त पडली. घरात लहान बाळ, दात नसलेलं किंवा चावता न येणारं माणूस असेल, किंवा रोज भाज्यांचे रस पिणारे असतील, तर मी घ्या म्हणेन. केवळ वाटण अधिक बारीक व्हावं म्हणून घेणाऱ्यांनी त्याच पैशात चांगला साडेसातशे वॅटचा मिक्सर घ्यावा, त्यावर आयएस ४२५० हा घरगुती मिक्सरचा मानक क्रमांक बघावा, आणि उरलेल्या पैशात एक जादा चटणीचं भांडं घ्यावं. अण्णांसाठी पाव लिटरचं छोटं भांडं वेगळं मिळतं का ते मी अजून शोधते आहे. रात्री त्यांना वाटीभरच लागतं आणि तेवढं मोठ्या भांड्यात नीट फिरत नाही.