फुप्फुसं ‘पुन्हा उघडून’ देणाऱ्या शिबिरापासून सावध राहा

घरात कोणाला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर हे जरूर वाचा. माझ्या आईला आहे. विडीला कधी हात लावला नाही, पण जन्म चुलीच्या धुरात गेला.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात मोफत फुप्फुस तपासणी शिबिर लागलं. आईला यंत्रात फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भरली 0.98 लिटर. मग “मावशी, आता आमच्या औषधी वाफेचा गुण बघा” म्हणत तोंडाला मास्क लावला आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला सांगितलं. आकडा 1.14! तीन महिन्यांच्या पुड्या 18,000 रुपयांना गळ्यात मारल्या. वर सल्ला दिला, इनहेलर सोडा, त्याची सवय लागते.

पुढे आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे सिस्टरने प्लास्टिकच्या छोट्या कुपीचं टोक मोडून औषध नेब्युलायझरमध्ये ओतलं, तेव्हा आई म्हणाली, “हीच ती वाफ!” श्वासनलिका सैल करणारं नेहमीचं औषध. त्याने चार-सहा तास आकडा वाढतो. शिवाय कमी-जास्त जोराने फुंकलं तरी एकाच दिवसात शंभरेक मिलीलिटरचा फरक सहज पडतो. म्हणून तर खऱ्या तपासणीत किमान तीनदा नीट फुंकून घेतात, आणि वर्षावर्षाची तुलना करताना औषधानंतरचा आकडा औषधानंतरच्याच आकड्याशी लावतात.

तिशीनंतर निरोगी माणसाचाही हा पहिल्या सेकंदाचा आकडा वर्षाला साधारण 25-30 मिलीलिटरने घटतो. सीओपीडीत ही घट बऱ्याच जणांत 40-60 पर्यंत जाते, काहींत मात्र फारशी होत नाही. धूर, तंबाखू सुटले की घसरण मंदावते. पण गेलेलं परत आणणारी पुडी अजून कुठेच निघालेली नाही, आणि हे लोक नेमकं तेच विकतात.

पुड्यांनी सुरुवातीला आईला बरं वाटलं. भूक वाढली, चेहरा सुजला, साखर चढली. डॉक्टरांना स्टेरॉइडचा दाट संशय आहे. पुड्या संपल्या, शिबिरवाल्यांचा फोन बंद, इनहेलर आधीच सुटलेला, आणि आठवड्यात आईला ऑक्सिजन लागला.

पावती दिली नव्हती, पण पैसे यूपीआयने गेल्यामुळे खातं सापडलं. घरात नजरचुकीने राहून गेलेली एक पुडी जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. तुमच्याकडे कोणी अशा पुड्या घेत असेल तर मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी हातात घेऊन आजच छातीच्या डॉक्टरांकडे जा.