डस्टर एडब्ल्यूडी : दोन पावसाळ्यांच्या वापरानंतर

रेनोने डस्टरची चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे एडब्ल्यूडी आवृत्ती भारतात २०१४ मध्ये आणली आणि २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांबरोबर डिझेल इंजिन गेले, तेव्हा तीही बंद झाली. त्यामुळे आज ही गाडी घेणारा ती जुनीच घेतो आणि आधीच्या मालकाने केलेली हयगयही तिच्याबरोबर पदरात पडते. माझी गाडी पुण्यातली असून ताम्हिणी घाट आणि वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर ती दोन्ही पावसाळ्यांत नियमितपणे चालली आहे.

हिची रचना समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. गियरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्स्फर केसमधून (ताकद मागे वळवणाऱ्या पेटीतून) प्रोपेलर शाफ्ट हा लांब दांडा मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गियरपेटीच्या, तोंडाशी विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच असतो. ही यंत्रणा निवडायचा नॉब ‘ऑटो’वर असताना पुढची चाके घसरू लागली की हा क्लच आवळला जातो, ‘लॉक’वर तो कमी वेगात आवळलेलाच राहतो आणि ‘टूडब्ल्यूडी’वर मागच्या चाकांना ताकद जात नाही. वळणात पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, म्हणूनच ‘लॉक’ लावून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेतले की गाडी अडखळते. तो बिघाड नव्हे. तशा रस्त्यावर ‘लॉक’ लावायचेच नसते.

माझ्या गाडीत मात्र ‘ऑटो’वरही तसाच अडखळा जाणवत होता आणि हायवेवर लांब पल्ल्यात एडब्ल्यूडीचा दिवा अधूनमधून लागत होता. एका गॅरेजने क्लचचे पूर्ण युनिट बदलायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी आधी टायरची झीज मोजायचे ठरवले. पुढचे दोन टायर जवळजवळ नवे होते आणि त्यांच्या खाचा ७ मिलिमीटर खोल होत्या, तर मागच्यांच्या जेमतेम ३ होत्या. २१५/६५ आर१६ मापाचे चाक किलोमीटरमागे साधारण ४६५ फेरे घेते. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक पडला की मागची चाके दर किलोमीटरला सुमारे ५ फेरे जास्त घेतात आणि हा फरक सरळ रस्त्यावरही क्लचला सतत घासून सोसावा लागतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे बसवल्यावर अडखळा आणि दिवा दोन्ही गेले. युनिटला हातही लावावा लागला नाही. टायरची पुढे-मागे अदलाबदल आता मी वेळच्या वेळी करतो आणि स्टेपनी लावावी लागली तर नॉब ‘टूडब्ल्यूडी’वर ठेवतो.

दिवे वाचायला शिकणे फार उपयोगी पडते. एडब्ल्यूडी आणि एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचे दिवे एकदम लागले तर संशय आधी चाकाच्या वेग-सेन्सरवर घ्यावा, कारण दोन्ही यंत्रणा तीच माहिती वापरतात. भातखाचरालगतच्या वाटेवरून आल्यावर माझ्या मागच्या डाव्या सेन्सरवर लाल चिखल थापला गेला होता. स्कॅनरने नेमके तेच चाक दाखवले आणि धुतल्यावर काम झाले. चिखलात बराच वेळ चाके फिरवल्यावर लागणारा दिवा बहुधा तापलेल्या क्लचचा असतो. तेव्हा जोर न लावता गाडी थंड होऊ द्यावी.

तेलाकडे मात्र बहुतेक गॅरेज काणाडोळा करतात. इंजिन ऑइल बदलले की सर्व्हिसिंग झाले असे मानले जाते आणि ट्रान्स्फर केस व मागचे डिफरन्शियल तसेच राहतात. तेल काढताना भरायचा बोल्ट आधी उघडावा. तो गंजून अडकलेला निघाला आणि खालून तेल आधीच सांडलेले असले, तर गाडी जागची हलवता येत नाही. माझ्या डिफरन्शियलचे तेल दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी शिरले होते. गाडी ओढ्यातून काढताना गरम डिफरन्शियल एकदम गार होते आणि ब्रीदरची (आतली हवा खेळती ठेवणारी) नळी किंवा सील धड नसेल तर पाणी आत ओढले जाते. नळी साफ करून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे तेल भरल्यानंतर पुढच्या तपासणीत ते स्वच्छ होते.

चालवायला गाडी समाधानकारक आहे. पहिला गियर इतका आखूड आहे की हजार आरपीएमला वेग ताशी ६ किलोमीटरच्याही आत राहतो; तीव्र उतारावर ब्रेकला फारसे काम उरत नाही, शहरात मात्र हात सतत गियरवर ठेवावा लागतो आणि सपाटीला मी दुसऱ्या गियरमध्येच उचलतो. चिकणमातीत मर्यादा यंत्रणेच्या आधी साध्या रस्त्यासाठी बनवलेल्या टायरांची येते, कारण खाचा भरल्या की चारही चाके सारखीच घसरतात. पुढची-मागची चाके शाफ्टने जोडलेली असल्याने गाडी बंद पडलीच तर दोन चाके उचलून ओढणाऱ्या क्रेनला नकार देऊन चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेडच मागवावा, त्याला दोन तास जास्त लागले तरी चालेल.