स्कूटर कोणाच्या हाती द्यायची: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की नाक्यावरचं गॅरेज?

वॉरंटी चालू असेल तर गाडी सर्व्हिस सेंटरलाच द्या. मोफत सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी माफ असते, ऑइलचे पैसे पडतातच. पण वेळेवर सर्व्हिस झाल्याची नोंद राहते आणि पुढे इंजिनाचं काही निघालं तर आधी तीच विचारतात. या काळात गॅरेजमध्ये जादा हॉर्न किंवा एलईडी बसवू नका. वायर सोलून जोड दिला की वायरिंगची वॉरंटी नाकारायला कारण मिळतं.

वॉरंटी संपली की मात्र कामागणिक उत्तर बदलतं.

ऑइल बदलणं गॅरेजमध्ये स्वस्त पडतं, पण डबा तुम्ही न्या. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणजे इंजिन ऑइलात बुडालेला नसतो, म्हणून तिला जासो एमबी (डब्यावर JASO MB) दर्जाचं ऑइल लागतं, बहुतेक नव्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० जाडीचं. गॅरेजमध्ये बऱ्याचदा मोटरसायकलचं जाड २०डब्ल्यू-४० ओततात. गाडी जड चालते, अ‍ॅव्हरेज पडतं. ११०-१२५ सीसीला साधारण ६५० ते ८०० मिली पुरतं. अख्खा लिटर ओतला तर जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरवर येतं आणि धूर सुरू होतो. ड्रेन बोल्ट लांब पान्याने आवळू देऊ नका: केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा.

एअर फिल्टर कागदी आणि तेलकट (मुळातच तेल लावलेला) असेल तर त्याला हवा मारायची नसते, थेट बदलायचा. हवा मारून परत बसवणं ही गॅरेजमधली नेहमीची चूक.

इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्टचं काम मात्र चांगल्या गॅरेजमध्ये, समोर उभं राहून करून घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अनेक ११० सीसी गाड्यांचा बेल्ट २४,००० किमीच्या आसपास बदलतात. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. कव्हर उघडलंच आहे तर पुढच्या पुलीतले रोलर चपटे झालेत का आणि क्लच शूवर (क्लचच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर) चकाकी आली आहे का, तेही पाहा. निघताना गाडी थरथरते ती बहुधा या चकाकीने किंवा क्लचच्या ड्रममधल्या धुळीने. बसवताना बेल्ट मागच्या पुलीत खोल दाबून पुढे सैल घ्यावा लागतो. तसं न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट पुलीच्या दोन पाळ्यांत चिमटतो. नट घट्ट लागतो, पण पुली बैठकीवर टेकलेली नसते. काही दिवसांत नट सुटतो आणि शाफ्टच्या खाचा खराब होतात. इथे मिस्त्रीची घाई महागात पडते. जुना बेल्ट परत मागा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत इंजिनाचा दिवा लागला तर आधी गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) आहे का ते विचारा. नसेल तर अंदाजाने सेन्सर बदलत बसतील आणि बिल तुमचं वाढेल. तेव्हा सर्व्हिस सेंटर बरं.

सर्व्हिस सेंटरची अडचण वेगळी. तक्रार ऐकतो एक, गाडी उघडतो दुसरा. 'ब्रेकचा आवाज' एवढंच लिहू देऊ नका. पुढचा की मागचा, थंड गाडीला की गरम, हे जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या. इंजिन फ्लश, पॉलिश वगैरे मॅन्युअलच्या वेळापत्रकात नसेल तर नको म्हणा. 'विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये' हेही तिथेच लिहा.

दोन्हीकडे गाडी सोडताना डिकी रिकामी करा आणि किलोमीटर व पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा. परत घेताना गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद करून २-३ मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मापायची काडी) पाहा. अनेक स्कूटरमध्ये ती न फिरवता नुसती टेकवून मापायची असते. ड्रम ब्रेकच्या लिव्हरला १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. लिव्हर ओढताच ब्रेक आवळलेला लागला तर लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे) घासत राहतात. चाक हाताने फिरवून बघा आणि मगच पैसे द्या.