नाशिकच्या गंगापूर रोडवरील जिवंत किड्यांचे दुकान : एक अनुभव

घरातल्या व्हेल्ड शॅमेलिऑनसाठी (रंग बदलणारा सरडा, येमेनकडचा, रीतसर नोंदणी केलेला; आपला भारतीय शॅमेलिऑन पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे) गेले चार महिने मी या दुकानातून जिवंत रातकिडे घेत आहे. द्राक्षबागांच्या कडेला नाकतोडे फुकट मिळतात, हे खरे. पण बागांवरील फवारण्या पाहता ते खाऊ घालण्याचे धाडस मला होत नाही.

दुकानदार किडे आकारानुसार वेगळे ठेवतो, ही मोठी सोय आहे, कारण शॅमेलिऑनच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा लांब किडा सहसा देऊ नये. मात्र डब्यात खाद्य म्हणून केवळ बटाट्याची फोड असते. रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असल्याने, घरी आणल्यावर मी त्यांना दिवसभर गाजर आणि स्वच्छ धुतलेली शेवग्याची पाने खाऊ घालतो व देण्यापूर्वी कॅल्शियमची भुकटी लावतो. एवढे केले नाही, तर हाडे ठिसूळ होण्याचा धोका राहतो. उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात सोडू नयेत, ते झोपलेल्या प्राण्याला चावतात, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

एप्रिलमधील एका डब्यात शंभरपैकी सतरा किडे मेलेले निघाले. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिले, पण झाकणाला पुरेशी छिद्रे अजूनही नाहीत. मीलवर्मचे (भुंगेऱ्याच्या अळ्यांचे) पाकीट मात्र घेऊ नका; ते महाग आहे आणि त्यात कोंडाच जास्त.