कागद २,९९० पौंड वजनाचा, ट्रेलर ७,००० चा: मिनेसोटातल्या आपल्या लोकांनो, डोळे उघडे ठेवा

इथल्या मराठी मंडळींत आता बऱ्याच जणांकडे स्नोमोबाइल (बर्फावर चालवायच्या मोटारी, इथे नुसतं 'स्लेड' म्हणतात) आल्या आहेत, आणि दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच, "त्या न्यायला गाडीमागे ओढायचा बंद ट्रेलर जुना घेऊ का?" म्हणून मी त्यात कसा फसलो ते लाज बाजूला ठेवून लिहितोय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही चार मित्र, चार स्लेड. मिशिगनच्या कीवीनॉकडे जायचं म्हणजे उघड्या ट्रेलरवर, रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि चिखल सगळा स्लेडवर. बंद ट्रेलर हवाच होता. मी महिनाभर अभ्यास केला होता, हे मुद्दाम सांगतो, कारण "बघून घ्यायचं ना" हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. पुढून-मागून दोन्हीकडे रॅम्प हवा, म्हणजे बर्फात स्लेड उलट्या ढकलाव्या लागत नाहीत. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, नाहीतर मीठ तो खाऊन टाकतं. फरशीखालच्या आडव्या पट्ट्या १६ इंचांवर, २४ वर नकोत. हे सगळं मला माहीत होतं. नवा घ्यायला गेलं तर पंधरा हजारांच्या खाली काही नाही. ऑनलाइन जाहिरात दिसली: ७ बाय २९ फूट, पुढचं टोक व्ही आकाराचं, दोन अ‍ॅक्सल (चाकांच्या जोड्या), मागणी ९,२०० डॉलर. घासाघीस करून ८,४०० ला ठरला. प्रत्येकी २,१००.

माणूस पन्नाशीचा, गोड बोलणारा, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून विकतोय म्हणाला. भेट पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये. आता सगळे म्हणतात, "घरी का नाही बोलावलं त्याने?" अहो, या देशात निम्मे व्यवहार पार्किंगमध्येच होतात, आणि तुम्हीही केलेत! ५०० डॉलर फोनवरच्या अ‍ॅपने आधीच दिले होते, ७,९०० रोख दिले.

आता ती पाच मिनिटं, जी रोज रात्री डोळ्यांसमोर येतात. मी टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, मागितलं. तो म्हणाला, "टायटल लागतच नाही, याची क्षमता, मालासकट एकूण वजनाची, २,९९० पौंड आहे." आणि नोंदणीचा कागद पुढे केला. यातलं अर्धं खरं होतं, तिथेच घात झाला. मिनेसोटात ४,००० पौंड आणि त्याखालच्या ट्रेलरला टायटल लागत नाही. ३,००० पासून पुढे ब्रेक सक्तीचे, म्हणून कंपन्या छोटे ट्रेलर मुद्दाम २,९९० लिहून विकतात. हेही खरं, मी स्वतः वाचलेलं. कागदावर २,९९०, त्याच्या तोंडी २,९९०, माझ्या डोक्यात २,९९०.

आणि माझ्या हातात काय होतं? ट्रेलरच्या दांड्यावरून लोंबणारी ब्रेकअवेची तार! ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून जी असते ती. ती मी हातात धरून, ओढून बघितली आणि "वा, चांगल्या स्थितीत आहे" असं म्हणालो. ज्या ट्रेलरला ब्रेक बसवावे लागू नयेत म्हणून २,९९० लिहितात, त्याला ब्रेक कशाला असतील? शिवाय एवढा ट्रेलर रिकामाच अडीच हजार पौंडांच्या आसपास भरतो. उरले चारशे-पाचशे. पेट्रोल भरलेली एक पोलारिस कंपनीची स्लेड त्यात बसत नाही, आम्ही चार घालणार होतो! हा हिशोब चौथीतलं पोर करेल. पण उणे पंधरा तापमान, हात सुन्न, आणि तो सारखा "दुसरं गिऱ्हाईक चारला येतंय" म्हणतोय. तुम्ही केला असता का?

वजनाचं लेबल नियमाने ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात असतं. तिथे नुसता गोंदाचा चौकोन होता. "प्रेशर वॉशरने उडालं." लेबल नसेल तर तिथूनच मागे फिरा.

नोंदणी कार्यालयात गेलो तर पाच मिनिटांत कायमची नंबरपाटी हातात. ट्रेलर बाहेरच उभा होता. कोणी खिडकीतून डोकावून बघितलं नाही.

मग आम्ही हौसेने तो सजवला. स्लेड आवळायचे चार बार २६०, स्लेडच्या स्कींखालच्या कठीण कार्बाइड धारेने प्लायवूड फाटू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या ४१२, एलईडी दिवे ९६, भिंतीवर सामान बांधायच्या पट्ट्या (ई-ट्रॅक) ८८, हेल्मेटचं शेल्फ ७४. टायरवरचा कोड २३१४ निघाला, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. चार नवे टायर ५१२. (टायरचे शेवटचे चार आकडे वाचायला शिका, फुकट आहे.)

हिंकलीच्या अलीकडे आय-३५ वर मागचा एक दिवा गेला म्हणून ट्रूपरने (राज्याच्या हायवे पोलिसाने) थांबवलं. पाटीवरून त्याच्या स्क्रीनवर आला बारा फुटी, एका अ‍ॅक्सलचा ट्रेलर. त्याने खाली वाकून दांड्यावरचा ताजा काळा रंग किल्लीने खरवडला. आतून वेगळाच नंबर निघाला, ७,००० पौंडांच्या ट्रेलरचा; आमचा कागद त्या छोट्याचा. ट्रेलर शेजारच्या राज्यातून चोरलेला. चार स्लेड तिथेच बर्फात उतरवल्या, १४० डॉलर देऊन उघडा ट्रेलर भाड्याने आणला आणि घरी परतलो. एकूण ९,९८२. दहा हजाराला अठरा कमी.

यानंतर जी टोलवाटोलवी झाली तिला तोड नाही. जिथे पकडला तिथले पोलीस म्हणतात, "माल मिळाला, आमचं काम संपलं." जिथे व्यवहार झाला तिथले म्हणतात, "तुम्ही राहता तिथे तक्रार द्या." आमच्या गावचे म्हणतात, "व्यवहार तिकडे झालाय ना?" बँक म्हणते, ५०० तुम्ही स्वतःच पाठवलेत, म्हणजे ही फसवणूक नाही! मग काय, दानधर्म? नोंदणी कार्यालय म्हणतं, "आम्ही कागद बघतो, ट्रेलर नाही." मूळ मालकाला विमा कंपनीने पैसे दिलेले, त्यामुळे ट्रेलर आता कंपनीचा. चोरीच्या मालावर हक्क मिळत नाही, हे मान्य. पण निदान आमचे बार आणि टायर द्या म्हटलं, तर उत्तर, "ट्रेलरला जोडलेलं सगळं ट्रेलरचं." केंद्राच्या पोर्टलवर भलामोठा फॉर्म भरला, बदल्यात एक नंबर मिळाला. डिटेक्टिव्हला व्हॉइसमेल ठेवतो, तो ऐकतो की नाही देव जाणे. पुण्याहून वडील विचारतात, "अमेरिकेतसुद्धा असं होतं का रे?" काय सांगू?

विकणाऱ्याला नोंदणी कार्यालयातच बोलवा. यायला का कू करतोय? सोडून द्या. दांड्यावर कोरलेला नंबर नखाने चाचपा. बाकी सगळा गंजलेला आणि तेवढाच भाग ताजा रंगवलेला असेल तर का, ते विचारा. त्याच्या लायसन्सचा फोटो काढा, लाजू नका; मी लाजलो. रोख देऊ नका, त्याच्याबरोबर बँकेत जाऊन चेक काढा. अ‍ॅपने एक डॉलरही आगाऊ नाही. आणि चार जणांचे पैसे असतील तर चौघेही बघायला जा. नाहीतर पुढच्या प्रत्येक पॉटलकला (प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला) "अरे, तूच बघितला होतास ना?" हे एकट्याला ऐकावं लागतं.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा लागली. ट्रेलर दुसरा, किंमत ८,९००, खाली तेच वाक्य: टायटल लागत नाही. मी तक्रारीचं बटण दाबलं, सगळी हकीकत लिहिली. दोन तासांत उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. जाहिरात अजून आहे.