पोझिशनिंगची पाच प्रश्नांची पद्धत: आठ महिने वापरल्यानंतर

आमचं टूल पोस्टग्रेस या डेटाबेसची मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट, तपासतं. आठ महिन्यांपूर्वी होमपेजवर पहिलीच ओळ होती, ‘डेटाबेस बदलांसाठी आधुनिक, बुद्धिमान प्लॅटफॉर्म’. डेमो पाहिलेल्यांना टूल आवडायचं, पण नुसतं पेज वाचून कुणी इन्स्टॉल करत नव्हतं. म्हणून पोझिशनिंगची, म्हणजे आपलं उत्पादन कुणासाठी आणि कशाच्या तुलनेत वेगळं हे ठरवण्याची, ही पद्धत हाती घेतली. तुम्ही नसता तर लोक काय वापरतील, तुमच्याकडे वेगळं काय आहे, त्याचा फायदा काय, तो सर्वांत जास्त कुणाला, आणि तुम्ही कोणत्या प्रकारात मोडता, असे हे पाच प्रश्न.

पहिल्या प्रश्नातच मेहनत वसूल झाली. आम्ही तिथे स्पर्धक टूलांची नावं लिहून मोकळे झालो होतो. मग वापरणाऱ्या अकरा जणांशी बोललो. बहुतेकांनी सांगितलं, ‘आमच्यात एक जण आहे, तो सगळी मायग्रेशन नजरेखालून घालतो.’ तो रजेवर गेला की यांच्या पोटात गोळा येतो. आमचं खरं गिऱ्हाईक तिथे होतं!

नवी ओळ तिथूनच सुचली: ‘कोणतं मायग्रेशन टेबल लॉक करून राइट्स अडवेल, ते मर्जच्या आधी कळेल.’ (राइट्स म्हणजे टेबलात माहिती लिहिणं, मर्ज म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं.) तिच्याखाली टर्मिनलमधलं चार ओळींचं आउटपुट ठेवलं. इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) बनवताना ‘कन्करंटली’, म्हणजे राइट्स न अडवता बनवण्याचा पर्याय, लिहायचं राहिलंय, आणि टूल नेमकी ती ओळ दाखवतंय. वाचणारा तीच फाइल स्वतः चालवून खात्री करून घेतो. डेव्हलपर विशेषणांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

एक चूक मात्र आम्ही केलीच. उत्साहाच्या भरात ‘शून्य डाउनटाइम’ असं लिहून टाकलं. आठवड्याभरात कुणीतरी इश्यू (तक्रारीची नोंद) उघडला: ‘कन्करंटली’ इंडेक्स मध्येच फसला तर इनव्हॅलिड, म्हणजे वापरता न येणारा, इंडेक्स मागे राहतो, त्याबद्दल तुमचं टूल गप्प का? म्हणणं रास्त होतं. दावा त्याच दिवशी काढला, तपासणी नंतर जोडली.

पद्धतीत दोन गोष्टी कमी वाटल्या. एक, वापरणारा आणि पैसे मंजूर करणारा वेगळे असतात, याला तिच्यात जागा नाही. मॅनेजरसाठी आम्हाला वेगळं पान लिहावं लागलं. दुसरी जास्त महत्त्वाची. ती होमपेजपाशी थांबते. आमच्या पेजवर ‘लॉक’ होतं, रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) ‘धोका’ आणि एरर मेसेजमध्ये ‘अनॉमली’. डेव्हलपरचा मुक्काम रीडमीत आणि एररमध्येच असतो. तिन्हीकडे ‘लॉक’ केल्यावर ‘याचा अर्थ काय?’ असे प्रश्न जवळजवळ बंद झाले.

पाचव्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ गेला. प्रकाराची नावं पायाखालून सरकतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस २००० पासून सर्व्हरलेस आहे, म्हणजे वेगळी सर्व्हर प्रोसेस न लागणारं. पुढे क्लाउडवाल्यांनी त्याच शब्दाला दुसराच अर्थ दिला. आम्हालाही नवं, भारदस्त नाव हवं होतं. वापरणारे मात्र पहिल्यापासून ‘मायग्रेशन लिंटर’ म्हणत होते; लिंटर म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं टूल. लिंटर म्हटलं की टूल किरकोळ वाटेल, ही आम्हाला धास्ती. पण लिंटर सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये) कुठे बसवायचा, हे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. दोन आठवड्यांपूर्वी होमपेजवर तोच शब्द घातला.