निपाणीकरांनी जायचं कुठं: कोल्हापूर की बेळगाव?

निपाणी बेळगाव जिल्ह्यात, पण कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटरवर आणि बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. पुणे-बंगळूर हमरस्ता एकच. उत्तरेला निघालं की कोगनोळी नाका आणि लगेच महाराष्ट्र.

लग्नाचा बस्ता, सोनं, अंबाबाईचं दर्शन, यासाठी कोल्हापूरच. महाद्वार रोडवर दुकानदाराशी आपल्या बोलीत घासाघीस करता येते, हे सुख मोठं. दवाखान्यालाही बरेच जण तिकडंच पळतात. मात्र सरकारी योजनेचं कार्ड असेल तर आधी विचारून निघा, हद्द ओलांडली की राज्याची योजना बदलते.

बेळगावची ओढ कमी, गरज जास्त. जिल्हाधिकारी कचेरी तिथं, आणि कागद कन्नडमध्ये. माझ्यासारख्याला कुणीतरी वाचून दाखवणारा सोबत लागतो; अर्धा दिवस त्यातच जातो. येताना कुंदा आणला की घरचे खूश, एवढीच भरपाई.

खरी गंमत बसची. जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळं राज्यातल्या बायकांना साध्या बसनं फुकट प्रवास. म्हणजे लांबचं बेळगाव आईला फुकट आणि जवळच्या कोल्हापूरला तिकीट, कारण हद्द ओलांडणाऱ्या गाडीला ही सवलत नाही! तरीही आई म्हणते, “पैसं गेलं तर जाऊ देत, मला कोल्हापूरलाच सोड.” माझंही मत तेच, कचेरीचं काम नसेल तर बेळगावची गाडी मी धरत नाही.